चहातले थेंब

११ जानेवारी १९९४

टाकले एकदाचे! दहा सांगितले होते. अकरा पडले. पाण्यासारखं औषध, ना रंग ना वास. जिभेला लावून बघितलं, चवही नाही. डॉक्टर म्हणाले होते, चहात थोडं वाया जातं, पण तो दुसरं काही घेतच नाही ना? मग चहा तर चहा.

यशराजनं कप घेतला आणि पडवीत गेला. मी चुलीपाशीच बसून राहिले, कान तिकडं लावून. थोड्या वेळानं रिकामा कप मोरीत आणून ठेवला. "वहिनी, कप ठेवलाय हितं." रोज म्हणतो तसंच.

लग्न होऊन या घरात आले तेव्हा हा माझा दीर नववीत होता. त्याचं इंग्रजी मी करून घेतलं. आणि आज त्यालाच मी फसवलं. लिहून टाकलं म्हणजे बरं वाटेल असं वाटलं होतं. नाही वाटलं.

१३ जानेवारी

ह्यांना ठाऊक आहे, डॉक्टरांना ठाऊक आहे, मला ठाऊक आहे. आत्यांना सांगितलेलं नाही. आमच्या सासूबाईंच्या तोंडात तीळ भिजत नाही. संध्याकाळपर्यंत अख्ख्या सणसरला कळेल, आणि यशराजला सगळ्यांच्या आधी.

पण दुसरा मार्ग तरी कुठं होता? दोन वर्षं झाली. बी.एस्सी. अर्धवट टाकून बारामतीहून घरी आला तो आलाच. कॅनॉलच्या भरावावर माणसं बसून त्याच्याविषयी बोलतात म्हणे. घरात बसून त्याला ऐकू येतं. आणि घरातलं कुणीतरी त्याच्या जेवणात काहीतरी कालवतं. म्हणून भाकरी नाही, कालवण नाही. टरफलातल्या शेंगा, सालीतली केळी, कवचातलं उकडलेलं अंडं. जे वरून बंद आहे तेवढंच खातो. गोळ्या दिल्या तर गालात धरायचा आणि खुराड्यामागं जाऊन थुंकायचा. कोंबड्या दिवसाढवळ्या पेंगायला लागल्या तेव्हा आम्हाला पत्ता लागला!

उघडं असं एकच काही घेतो — माझ्या हातचा चहा. घरात माझ्या एकटीवर तेवढा विश्वास आहे त्याचा. आणि मी त्या विश्वासातच... जाऊ दे.

२२ जानेवारी

बारामतीला जाऊन आलो, मी आणि हे. डॉक्टर पुण्याहून एक शनिवार सोडून एक शनिवार येतात. यशराज आला नाहीच.

आजाराचं नाव पुन्हा विचारून लिहून घेतलं — स्किझोफ्रेनिया. ह्यांनी विचारलं, थेंब पोटात जातात, मग डोक्यात काय करतात? (कंडक्टर माणूस, कोण कुठं चढलं आणि कुठं उतरलं हे कळल्याशिवाय ह्यांचं समाधान होत नाही.) डॉक्टरांनी पाटाच्या पाण्यावरून सांगितलं. मेंदूत इकडचा निरोप तिकडं नेणारी रसायनं असतात, त्यातलं एक डोपामिन. या आजारात एका भागात त्याचा जोर वाढतो. मग साधी गोष्टही आपल्याला उद्देशूनच आहे असं वाटतं, नसलेले आवाज ऐकू येतात. औषध काय करतं, तर दारं धरतं, वाफ्यांची तोंडं बुजवतं. पाटानं पाणी आलं तरी वाफ्यात शिरत नाही.

"पण बाई, या औषधाला वाफे ओळखता येत नाहीत. अंगाची हालचाल सांभाळणारा वाफा असतो, त्याचंही दार ते धरून बसतं. म्हणून हात कापतात, अंग ताठतं. एखाद्याची मान फिरते, डोळे वर जातात. दिसायला भयंकर दिसतं. घाबरायचं नाही, त्याला सुई आहे. पण लगेच यायचं."

झोप आधी सुधारेल. आवाज जायला काही आठवडे लागतील. "बरा व्हईल ना?" ह्यांनी विचारलं. डॉक्टर म्हणाले, "दार धरलेलं आहे तोवर शेत वाहून जायचं नाही." म्हणजे हो की नाही, यावर आमचा सणसरपर्यंत खल चालला होता.

२९ जानेवारी

तीन दिवस झाले, रात्रभर झोपतो. त्यामुळं आम्हीही.

१४ फेब्रुवारी

भाकरी खाल्ली! आत्यांनी थापलेली बाजरीची, वर पिठलं. आधी हुंगली, उलटीसुलटी करून बघितली, एक घास घेतला. मग अर्धी संपवली. आत्या पदर डोळ्याला लावून चुलीसमोरच बसून राहिल्या.

त्यांनी बिरोबाला नवस बोलला होता. त्यामुळं श्रेय सगळं बिरोबाचं. "देवानं ऐकलं गं माझं," म्हणून माझ्याही कपाळाला भंडारा लावला. मी मान पुढं केली. असू दे. थेंब मोजायला तो काही येणार नाही, पण माउलीचा जीव तर निवला.

यशराज चालतो तेव्हा हात हलत नाहीत आता, अंगाला चिकटून राहतात. पेनही हातात ठरत नाही. डॉक्टरांनी त्यावर वेगळी गोळी दिली आहे. तीही मी कुटून चहातच घालते. एक खोटं निस्तरायला दुसरं!

२५ फेब्रुवारी

आमची प्रतिक्षा माझ्याच शाळेत, वर्गात पेंगते म्हणे. दुसरीच्या प्रयागबाईंनी मधल्या सुट्टीत सगळ्यांसमोर ऐकवलं, "बाईंचीच लेक, आन् झोपा काढती!" सात वर्षांची पोर, रात्री नऊ-दहा तास झोपते. जंत असणार. जंताचं औषध पाजलं. बाकी खाण्यापिण्यात तर काही बदल नाही. चहाला मी तिला शिवू देत नाही. शाळेत पोरांना दूध प्या म्हणून सांगायचं आणि घरी स्वतःच्या लेकीला चहा पाजायचा, हे मला जमत नाही.

५ मार्च

दिवेलागणीला यशराज अजून कॅनॉलकडं कान लावून बसतो. डॉक्टर म्हणाले, वीस करा.

८ मार्च

सगळं लिहून काढते, नाहीतर डोक्यात फिरत राहील.

सकाळी शाळेची घाई. प्रतिक्षाची वेणी घालत होते. तिची मान सारखी डावीकडं वळायची. "सरळ बस की!" म्हणून मी एक चापट दिली. दिली मी चापट! "आई, वळंना गं मान," म्हणाली आणि मान आणखी फिरून खांद्याला टेकली. डोळे वर गेले. जीभ बाहेर यायला लागली. पूर्ण शुद्धीत होती पोर. तिला सगळं कळत होतं, तेच बघवत नव्हतं.

आत्या धावत आल्या. "बाहेरचं हाय हे! काल तिनीसांजंला कॅनॉलवरनं आलीया पोरगी. भिमाला बलवा कुणीतरी!" भिमा म्हणजे गावचा देवऋषी. तो येईपर्यंत आत्यांनी वाटीभर भंडारा पोरीच्या कपाळाला फासला.

मी जागची हलले नाही. मान फिरते, डोळे वर जातात — हे मी ऐकलेलं होतं. पण ते यशराजसाठी होतं. या पोरीला कुठून?

यशराज दारात उभा. तोंड पांढरंफटक. "वहिनी, मी चहा पाजला तिला. बशीतनं. रोज पाजतो. तुमाला सांगू नको म्हणलो हुतो."

मी त्याला चोरून औषध देत होते, आणि तो तिला चोरून चहा! मी चहा बंद केला म्हणून काकानं पुतणीचे लाड पडवीत चालवले होते. वर्गातली झोप, जंत — सगळं एका झटक्यात कळलं.

त्यानंच तिला उचललं आणि पळत सुटला. मागून मी. माझ्या मागून आत्या, "आरं भिमाला तरी बगू द्या!" ओरडत. स्टँडसमोर अफजल डॉक्टरांचा दवाखाना नुकताच उघडत होता. डॉक्टरांनी पोरीची मान धरून बघितली, डोळ्यांत बॅटरी मारली आणि विचारलं, "बाई, घरात कुणाला डोक्याच्या गोळ्या चालू हायत का? पोरीनं काय खाल्लं?"

यशराज बाकावर बसलेला, पोर त्याच्या मांडीवर. एकदा वाटलं, काहीतरी आणायला म्हणून याला बाहेर पाठवावं, मग सांगावं. पण पोरीनं त्याचा शर्ट मुठीत धरला होता. मी बोलले. औषधाचं नाव, वीस थेंब, चहा, जानेवारीपासून. मोठ्यानं बोलले, पुन्हा विचारायला लागू नये म्हणून.

अफजल डॉक्टरांनी पुढं एक प्रश्न विचारला नाही. सुई भरली, दिली. "आता उतरंल. बसा." दवाखान्यातलं घड्याळ मी बघत बसले. वीस मिनिटं लागली असतील. मान सैल पडली, डोळे खाली आले. "आई, भूक लागली," म्हणाली.

यशराजनं पोरीला उचलून माझ्या मांडीवर दिलं.

"म्हंजे कालवत हुता," तो म्हणाला. आवाज अजिबात चढवला नाही. "मी खरंच बोलत हुतो."

आणि निघून गेला.

९ मार्च

दोन वर्षं आम्ही सगळे त्याला समजावत होतो — अरे, जेवणात कोण कशाला काय घालेल? असं काही नसतं, हा आजार आहे. त्या आजाराला मी पुरावा मिळवून दिला.

आज चहा घेतला नाही. पाणीसुद्धा स्वतः हापशावर जाऊन ओंजळीनं पितो. परत शेंगा, केळी, अंडी.

१३ मार्च

आत्या चार दिवस माझ्याशी बोलत नव्हत्या. आज धुणं वाळत घालताना बोलल्या. ओरडल्या नाहीत, त्याचंच जास्त लागलं.

"तुज्या सासऱ्याच्या वक्ताला आपली दोनशे मेंढरं हुती. मेंढराला औषीद पाजायचं तर नळी घिऊन म्होरनं जायाचं आसतं. त्याला दिसलं पायजे. म्हागनं जाऊन पाजलं की मेंढरू पुन्ना हाताला येत न्हाय. तू शिकल्याली, मला तरी इचारायचं!"

मेंढरू आणि माणूस सारखं नसतं, असं म्हणणार होते. त्यांच्या हातातल्या चादरीचं दुसरं टोक धरलं.

२० मार्च

औषध बंद होऊन बारा दिवस. काल डॉक्टरांचा शनिवार होता, हा आला नाही. कॅनॉलवरच्यांना मोठ्यानं उत्तरं द्यायला लागला आहे. "मला आदीच म्हाईत हुतं," असं सारखं त्यांना सांगतो. ह्यांनी प्रतिक्षाला कळसला, माझ्या माहेरी पोहोचवलं. शाळा बुडाली तर बुडू दे म्हणाले. मीही अडवलं नाही.

२७ मार्च

रेडिओ दगडानं फोडला. कुणाच्या अंगावर धावला नाही. नंतर स्वतःच तुकडे गोळा करत बसला. मला भीती त्याची वाटत नाही. तो परत आलाच नाही तर, याची वाटते. एवढा अर्धी भाकरी खाण्यापर्यंत आला होता!

२ एप्रिल

मी सकाळी सरळ समोर जाऊन उभी राहिले. म्हटलं, "यशराज, चल बारामतीला. मी काय घातलं ते तूच विचार डॉक्टरांना. मीही तिथंच उभी राहीन. काय भांडायचं ते भांड." आला! भांडायला म्हणून आला. एस्टीत माझ्यापासून चार बाकं लांब बसला.

डॉक्टरांनी खुर्ची दिली तरी बसला नाही. "माझ्या चहात काय घालाय लावलं तुमी?"

डॉक्टरांनी खणातून तीच बाटली काढून त्याच्या हातात दिली. त्यानं वरचं सगळं इंग्रजी वाचलं, बारीक अक्षरातलंही. डॉक्टर म्हणाले, "तुला न विचारता दिलं. त्या वेळी मला ते बरोबर वाटलं. आता वाटत नाही. मी चुकलो." मोठा डॉक्टर, पुण्याचा, आणि असं म्हणाला! मग माझी पाळी. मी काय म्हणाले ते आठवत नाही, रडले हे आठवतं.

मग त्यांनी त्यालाही दारं धरण्याचं सांगितलं. यशराज ऐकत होता. रात्रीची पाळी आली की पूर्वी उसाला पाणी तोच द्यायचा.

"दार धरलं तर म्हागं पाणी तुंबतंय की," तो म्हणाला.

डॉक्टर खूश झाले. "तुंबतं. म्हणूनच औषध एकदम बंद झालं की पाणी जोरात फुटतं. गेले तीन आठवडे तुझं तेच झालंय."

"मी पैल्यासारका हुईन का?"

"आवाज कमी होतील, बहुतेक जातील. भीती जाईल. पण मन न लागणं, उत्साह नसणं, त्याला या औषधाचा फार उपयोग होत नाही. परदेशात नवीन गोळ्या निघाल्यात, त्या जरा वाफा बघून दार धरतात म्हणे. इकडं मिळायला लागल्या की बघू. आज माझ्याकडं हेच आहे."

तोंडानं घ्यायचं नसेल तर सुई आहे, तेही सांगितलं. तेलात कालवलेलं औषध कमरेत टोचायचं, ते तिथून थोडं थोडं रक्तात उतरत राहतं. एक सुई पंधरा दिवस पुरते. "पण एकदा टोचली की काढून घेता येत नाही. अंग ताठलं तरी पंधरा दिवस काढावे लागतील, गोळ्या घेऊन. हे आधीच सांगतो."

"इच्यार करतो," यशराज म्हणाला. येताना दोन बाकं लांब बसला.

१६ एप्रिल

मी काही विचारलं नव्हतं. सकाळी आंघोळ करून, शर्ट घालून अंगणात उभा. "आज शनवार हाय."

सुई भरायच्या आधी त्यानं औषधाची काचेची कुपी मागून घेतली. उजेडात धरून फिरवून बघितली, बोटानं टिचकी मारली. "वरनं बंद हाय," म्हणाला आणि परत दिली. डॉक्टरांनी त्याच्या डोळ्यांदेखत तिची मान मोडली. मला तेव्हा कळलं, हा सुईला का तयार झाला. तीही अंड्यासारखीच, फोडेपर्यंत कुणाला आत काही घालता येत नाही. डॉक्टरांच्या कसं लक्षात यावं? ते काही आमच्या घरी जेवत नाहीत.

आज थोडंच टोचलं, अंगाला सोसतं का बघायला.

३० एप्रिल

दुसरी सुई. पूर्ण.

१४ मे

तिसरी. पाय एका जागी ठरत नाहीत त्याचे. बसला की उठतो, अंगणात चकरा मारतो. औषधानंच होतं असं. त्याची गोळी तो स्वतः पाकिटातून फोडून घेतो, माझ्यासमोर. हात कापतो तेव्हा गोळी खाली पडते. मी उचलून देत नाही. तो उचलतो.

२१ मे

आमरस खाल्ला! आंबे स्वतः धुतले, स्वतः पिळले, आणि मग आत्यांनाही वाटी दिली. आत्या मला म्हणाल्या, "बगितलं? म्होरनं गेलीस नव्हं का?" बिरोबाचं नाव आज घेतलं नाही. मलाच चुकल्याचुकल्यासारखं झालं.

२८ मे

चौथी सुई झाली. यशराजनं सांगितलं, कॅनॉलवर माणसं बसतात अजून, पण लांब बसतात आणि काय बोलतात ते कळत नाही. हे ऐकून आम्ही दोघं नवराबायकोंनी पेढे वाटायचे तेवढे बाकी ठेवले!

७ जून

शाळा उघडायची म्हणून प्रतिक्षाला कळसहून आणलं. गाडीतून उतरली ती आधी काकाकडं पळाली. मी तिला हाक मारून परत बोलावणार होते, खरं सांगते. पण त्यानंच तिला हात धरून माझ्याजवळ आणून सोडलं आणि शेतावर निघून गेला. दिवसभर तिच्याकडं बघितलं नाही त्यानं. पोरगी हिरमुसली. लाजत असेल झाल्या प्रकाराला, मी मनात म्हटलं.

११ जून

पाचवी सुई. बारामती स्टँडवर बाकावर बसलो होतो, गाडीला अवकाश होता. यशराज माझ्या शेजारी बसला होता. आपणहून बोलला.

"वहिनी, पोरीला मी लाडानं चहा पाजत नव्हतो. आदी तिला द्यायचो. घटकाभर तिच्याकडं बगत बसायचो. तिला काय झालं न्हाय की मग मी प्यायचो. रोज."

मी मांडीवरची पिशवी खाली ठेवली.

"तवा कायबी वाटलं न्हाय त्याचं. आता वाटतंय. चार दिस झालं जेवान जात न्हाय."

म्हणजे औषधाला गुण आला.

उठून दुसऱ्या बाकावर जाऊन बसावं असं फार वाटलं. उठले नाही.